टरफलं तोलणारे मालक

आयुष्यात मी किती पिक्चरं बघितली ते मला सांगता यायचं नाही, पण सुरुवात एक सोडून कशाचीच बघितलेली नाही. कुणाला हसू आलं तर येऊ दे. चाळीस वर्षं मी थेटराच्या दारावर होतो. पिक्चर सुरू झालं की पहिली पंधरा-वीस मिनिटं उशिरा येणाऱ्यांना बॅटरी दाखवत खुर्चीवर नेऊन बसवायचं आणि शेवट व्हायच्या आत बाहेरचं फाटक उघडायला पळायचं. मधे जो तुकडा दिसेल तो आपला. हिरोला मी कायम मारताना नाहीतर मार खाताना बघितलंय. त्याचं कुणाशी काय वाकडं होतं, ते मला बाहेर पडणाऱ्या लोकांना विचारावं लागायचं.

आणि ज्यांचं ते थेटर, त्या मालकांनी तर एवढंही बघितलं नव्हतं. पिक्चर चालू असताना ते आत पाऊलच टाकायचे नाहीत. वडलांनी बांधलेलं थेटर, पन्नासएक वर्षं यांनी चालवलं, आणि पडद्यावर काय हलतं ते यांना ठाऊक नाही. असला माणूस मी दुसरा बघितला नाही. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. गावात लोक त्यांच्या गोष्टी सांगतात त्यातल्या निम्म्या खोट्या आहेत, म्हणून मी लिहायला बसलो. मी चौथी शिकलोय. पण जे बघितलं ते बघितलं.

आमचं गाव कृष्णाकाठचं. तासाभरात सांगली, दोन तासांत सातारा. मालक जैन, घरची शेंगांची आडत. उंचीला बेताचे, पांढरी टोपी, आणि कान मोठे. दिवस मावळायच्या आत जेवण म्हणजे जेवण. एकदा एक पुढारी आपल्या लवाजम्यासकट सहाचा खेळ बघायला आले आणि मालक जेवायला बसलेले. पुढाऱ्याचा माणूस आत जाऊन म्हणाला, "सायेब आल्यात, खेळ सुरू करा." मालक म्हणाले, "सूर्य माज्यासाठी थांबत न्हाई, सायबांस्नी सांगा, मी बी थांबाय सांगितलं न्हाई. भाकरी झाली की आलोच." साहेब व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसून राहिले.

ते आत का जात नाहीत याच्या गावात दोन-तीन कथा होत्या. कुणी म्हणायचं, लहानपणी पडद्यावरचा साप बघून ताप भरला होता. कुणी म्हणायचं, आईनं शपथ घातली होती. मी एकदा सरळ विचारलं. त्यांनी खिशातून एक शेंग काढली आणि माझ्या कानाशी धरून हलवली.

"काय ऐकू आलं?"

"दाणं वाजत्यात."

"म्हंजे भरल्याली हाय. आडत्या शेंग फोडून बघत न्हाई, गड्या. फोडून बघतो ते गिऱ्हाईक."

मला हे उत्तर कळलं नाही. अजून कळलेलं नाही.

पण पिक्चर चांगलं का वाईट हे ते ठरवायचे, आणि कसं ठरवायचे ते सांगितलं तर बाहेरगावचा माणूस विश्वास ठेवत नाही. खेळ सुटला की झाडणारी अक्का लोकांनी आत खाल्लेल्या शेंगांची सगळी टरफलं पोत्यात भरायची आणि मालक ते पोतं काट्याला टांगायचे. टरफलं जास्त भरली तर पिक्चर पडलं. कमी भरली तर पिक्चर चांगलं.

"शेंग फोडाय दोन हात लागतात," ते म्हणायचे, "आणि थोडं मन. मन पडद्यावर गेलं की शेंग हातातच ऱ्हाती. माणूस तोंडानं खोटं बोलंल. शिट्टी बी खोटी मारंल. टरफल खोटं बोलत न्हाई."

यात त्यांचा न्याय असा की शेंगांच्या हंगामात लोक ओल्या शेंगा आणायचे, ती टरफलं जड. मग ती पत्र्यावर वाळवूनच तोलायची. पिक्चरवर अन्याय नको. मी उन्हातान्हात पत्र्यावर चढून दुसऱ्यांच्या खरकट्या टरफलांची राखण केली आहे, चिमण्या हाकलल्या आहेत. बायको म्हणायची, "आवं, ह्याला नोकरी म्हंत्यात व्हय?"

पाकिटातलं काही आत न्यायला बंदी होती. सांगलीचा एक माणूस पॉपकॉर्नचं मशीन घेऊन आला. काचेचं, लाल दिव्याचं. त्यानं मूठभर लाह्या मालकांना दिल्या. मालकांनी खाल्ल्या, चांगल्या आहेत म्हणाले, मग हात बघितला.

"ह्याचं टरफल कुटं हाय?"

"न्हाई मालक. सगळंच खायचं."

"मग मला कळणार कसं?"

त्या माणसाला काय कळणार कसं ते कळेना. माझ्याकडं बघायला लागला. मी मान फिरवली. माझ्या मालकांना बाहेरच्या माणसानं खुळं म्हणावं असं मला वाटत नव्हतं. मनात मी काय म्हणत होतो ती गोष्ट वेगळी.

कारण माझं मत असं होतं की पिक्चर आत बसून कळतं. मी सलग बघितलं नसेल, पण तुकडे तरी बघितले होते. भाताचं शीत चाचपून बघावं तसं. मालक आणि मी या गोष्टीवर इतकी वर्षं भांडत आलो. ते टरफलावरून सांगायचे, मी तुकड्यावरून. दहातल्या आठ वेळा आमचं जमायचं, उरलेल्या दोन वेळा चार-चार दिवस बोलणं बंद.

आणि मग ती दोन पिक्चरं एकाच शुक्रवारी आली.

एक लढाईचं. सरहद्दीवरचं, बर्फातलं. रणगाडे, विमानं, दोनशे माणसं मेलेली मी एका तुकड्यात मोजली. दुसरं म्हातारीचं. एक म्हातारा-म्हातारी, गावाकडचं घर, आणि ती म्हातारी नवऱ्याशी बोलायची बंद झालेली. बस. एवढंच. सगळ्या मुलखात दोन्हीच्या नावानं दंगा. सांगलीत चार पडद्यांचं थेटर झालेलं, त्यांना काय, दोन इकडं दोन तिकडं. आमचा पडदा एकच. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, चारी खेळ लढाईचे लावा. मालक म्हणाले, "सात दिवस दोन खेळ ह्याचं, दोन खेळ त्याचं. आठव्या दिवशी काटा सांगंल ते ऱ्हाईल, दुसरं उतरंल."

आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत. माझा थोरला मुलगा बर्फातच आहे. लढाईच्या पिक्चरला ट्रॅक्टरनं माणसं आली. एक रिटायर सुभेदार रोज यायचे. पडद्यावर झेंडा आला की उठून सलामी ठोकायचे, आणि त्या पिक्चरात झेंडा दर दहा मिनिटांनी यायचा. मागची पोरं ओरडायची, "सुभेदार, खाली बसा, शत्रू दिसंना झालाय!" ते वळून म्हणायचे, "तुमाला दिसून काय उपयोग हाय रं? तुमी काय करणार हायसा?" दार उघडलं की आतनं गरम वारा यावा तसा आवाज यायचा. माझ्या अंगावर काटा यायचा. मला त्या बर्फातला प्रत्येक फौजी पाठमोरा माझ्या पोरासारखा दिसायचा.

आणि म्हातारीच्या पिक्चरला बायका. चालत, रिक्षानं, टेंपोत उभ्या राहून. माझ्या बायकोनं ते सहा दिवसांत तीनदा बघितलं, पहिल्या दिवशी भावकीतल्या बायकांबरोबर, मग एकटीनं, मग परत. चाळीस वर्षांत तिनं माझ्याकडं फुकट आत सोडा म्हणून कधी तोंड उघडलं नव्हतं आणि आताही तिकीट काढूनच गेली. मी तीन वेगवेगळ्या दिवशी तीन तुकडे बघितले. पहिल्यात म्हातारी कंदिलाची काच पुसत होती. दुसऱ्यात कंदिलाची काच पुसत होती. तिसऱ्यात म्हातारा कंदिलाची काच पुसत होता आणि ती बघत होती. मी ऑपरेटरला जाऊन विचारलं, "मशीन अडकलंय का काय?"

काय गौडबंगाल होतं मला समजेना. जिथं दोनशे माणसं मेली तिथनं लोक हसत, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत बाहेर येत होते. जिथं काच पुसण्यापलीकडं काही घडत नव्हतं तिथनं बाया डोळे पुसत येत होत्या, आणि लवकर येतही नव्हत्या. खेळ संपून दिवे लागले तरी बसलेल्या. मला आत जाऊन ओरडावं लागायचं, "चला बायांनो, उठा, फुडचा खेळ हाय!"

सातव्या दिवशी दुपारी व्हरांड्यात कोण राहणार यावर वाद जुंपला. सुभेदार होते, पानवाला होता, मालक बाकड्यावर डोळे मिटून बसलेले. मी लढाईच्या बाजूनं बोलत होतो. तेवढ्यात बायकांचा घोळका बाहेर पडला, त्यात माझी बायको. ती थांबली आणि मालकांना म्हणाली, "मालक, म्हातारीचं ठेवा. ते लय चांगलं हाय."

मी म्हणालो, "हिला काय कळतंय पिक्चरातलं?"

सगळे हसले. मालक हसले नाहीत, पण ते कधीच हसायचे नाहीत. बायकोनं पदर नीट केला आणि ती गेली.

पानवाला मला चिडवायला म्हणाला, "काका, घरातच फूट पडली तुमच्या. आता म्हातारीच जिकणार बगा." त्यावर माझं डोकं गेलं. मी म्हणालो, "लढाईचं उतारलं तर ह्या दारावर मी परत उभा ऱ्हाणार न्हाई. कृष्णामाईची आण."

मालकांनी डोळे उघडले. "गड्या, काटा बघितल्याबिगार आण घेऊ ने."

"घेतली."

"बरं," ते म्हणाले आणि परत डोळे मिटले.

आठव्या दिवशी सकाळी काट्याचा निकाल आला. लढाईच्या खेळांची टरफलं माणशी बघितली तर नेहमीपेक्षा कमी होती. म्हणजे पिक्चर चांगलं. पण म्हातारीच्या खेळांची टरफलंच नव्हती. सात दिवस, भरलेलं थेटर, आणि पोत्याचा तळ झाकेना. मालक काट्यापुढं उभे राहिले ते राहिलेच. "असं कवाच झालं न्हाई," ते स्वतःशीच म्हणाले. "माजा बाप आसता तर त्याला दाखिवलं आसतं." मग शिडी मागवली आणि लढाईचं पोस्टर उतरवायला लावलं.

मी बॅटरी बाकड्यावर ठेवली. फाटकाची किल्ली ठेवली.

"कुटं निघालास?"

"आण हाय."

मला वाटलं थांबवतील. चाळीस वर्षं कमी नसतात. ते म्हणाले, "व्हय, आण हाय खरी," आणि बॅटरी उचलून पेटते का ते बघायला लागले. त्या दिवशी दारावर मालक स्वतः उभे राहिले, असं पानवाल्यानं घरी येऊन सांगितलं. लोकांना बसवायला आत जायला लागतं, तर हे दारातूनच बॅटरी मारून "तिकडं, तिकडं" म्हणत होते म्हणे, आणि माणसं एकमेकांच्या मांडीवर बसत होती.

मला घरी काही सुचेना. तीन वाजले की पाय आपोआप चपलेत जायचे. त्या दारावर मी नाही म्हणजे मी कोण, हे मला सांगता येईना. बायको विचारलं तेवढंच बोलत होती. चहा झालाय. जेवायला वाढलंय. पाणी तापलंय. मी मनात म्हणालो, बिचारीला माझी नोकरी गेल्याचं वाईट वाटतंय.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाणीपाशी गेलो तर ती बंबात जळण घालत होती. पिशवीतनं मुठी-मुठीनं टरफलं.

"ही कुठली?"

"थेटरातली."

"थेटरातली म्हंजे?"

"आमी खाल्ल्याल्या शेंगांची. कुटली आसणार? बंबाला बरी पडत्यात."

मला पहिल्यांदा अर्थच लागला नाही. मी परत विचारलं. तिनं लहान पोराला सांगावं तसं सांगितलं, "आवं, बसल्या जागंला कचरा टाकून कोन उठंल? वटीत घ्यायची आन घरी आणायची. सगळ्याच आणत्यात."

मी पिशवी उचलली आणि तसाच निघालो. अंगात बनियन होतं. मागनं ती ओरडत आली, "माझी पिशवी! आवं, सदरा तरी घाला!" मी कशाला थांबतो! मला आयुष्यात पहिल्यांदा मालकांची खोट सापडली होती. काटा खोटा ठरला, म्हणजे लढाईचं उतरवलं ते चूक, म्हणजे माझी आण फिटली, म्हणजे बॅटरी परत माझी. एवढा सरळ हिशेब होता.

मालक बाकड्यावर होते. मी पिशवी त्यांच्या पुढ्यात ओतली.

"काय हाय ह्ये?"

"तुमच्या म्हातारीच्या पिक्चरची टरफलं. बाया घरला नेत्यात. बंबात घालत्यात. तुमचा काटा रिकामा ऱ्हायला म्हणून पिक्चर चांगलं न्हवं!"

मालकांनी एक टरफल उचललं. कानाशी नेलं, सवयीनं. मग खाली ठेवलं. तोवर माझी बायको धापा टाकत येऊन पोचली होती, हातात माझा सदरा. मालक तिला म्हणाले, "वैनी, हे कवापास्नं नेताय?"

"कवापास्नं म्हंजे? पैल्यापास्नं. आमच्या सासूबाई बी न्ह्यायच्या."

"सगळ्या बाया?"

"सगळ्या."

मालक उठले, परत बसले. टोपी काढली. इतक्या वर्षांत मी त्यांचं डोकं पहिल्यांदा बघितलं, पार गुळगुळीत होतं. "म्हंजे," ते म्हणाले, "बापाच्या येळपास्नं आमी निस्ती गड्यांचीच टरफलं तोलत आलो?"

मी जिंकलो होतो, पण मला जिंकल्यासारखं वाटेना. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. जो माणूस चिमण्यांचा सुद्धा हिशेब धरायचा, त्याचं निम्मं थेटर त्याच्या काट्यावर कधी आलंच नव्हतं.

मग बायको म्हणाली, "पर ह्या शेंगा पिक्चर चालू आसताना खाल्ल्याल्या न्हाईत."

"आँ?" आम्ही दोघंही म्हणालो.

"चालू पिक्चरात कोन खाईल? डोळं फाडून बघत हुतो आमी. संपल्यावर बसून खाल्ल्या. बोलत. घरला जाऊ वाटंना. तवाच तर ह्ये येऊन खेकसायचं, 'चला बायांनो' म्हणून."

मालक तिच्याकडं बघायला लागले. मी मालकांकडं. म्हणजे काटा चुकला होता, पण बोलला होता ते खरं होतं? का खरं होतं पण त्यानं सांगितलेलं नव्हतं? मी दोनदा विचार केला आणि दोन्ही वेळा वेगळ्या ठिकाणी पोचलो.

"गड्या," मालक हळू म्हणाले, "माजा काटा गेला. आता तू सांग. लढाईचं परत लावू? का हेच ठेवू? तू म्हणशील तसं. तू बघितलंस न्हवं दोनी?"

"तुकडं बघितलं."

"म्हंजे न्हाई बघितलंस."

"तुमी तरी कुटं बघितलंय?"

"न्हाई."

बायको हसायला लागली. पदर तोंडाला लावून, खांबाला टेकून हसली. "दोगांनी बी बघितलं न्हाई," ती म्हणाली, "आन गावभर भांडण! आण काय, काटा काय!" मग हसू आवरून तिनं माझ्या हातात सदरा दिला. "घाला. बाराच्या खेळाला बसा माझ्याशेजारी. पैल्यापास्नं."

मी तिकीट काढलं. मालक नको म्हणाले, पण मी दारावरचा नव्हतो आता, आणि फुकट बसायची मला सवय नाही. मालकांनी तिकीट फाडलं. वाकडं फाडलं. चाळीस वर्षांत बायको आणि मी एका रांगेत पहिल्यांदा बसलो. खुर्च्या इतक्या टोचतात हे मला माहीत नव्हतं.

दिवे गेले आणि पिक्चर सुरू झालं. मला सुरुवातीचा भाग बसून बघायचा सराव नव्हता, त्यामुळं कुणी उशिरा आलं की मी उठायला बघायचो आणि बायको सदरा धरून खाली ओढायची. पहिल्याच पाच मिनिटांत म्हाताऱ्याकडं पाहुणे जेवायला आलेले. बोलणं चाललेलं, शेताचं. म्हातारी वाढता वाढता काहीतरी म्हणते. म्हातारा पाहुण्यांना म्हणतो, "हिला काय कळतंय त्यातलं?" पाहुणे हसतात. म्हातारी आमटी वाढते, चुलीपाशी जाते, आणि तिथनं पुढं बोलत नाही.

मी खुर्चीत जरा खाली सरकलो. बायकोनं माझ्याकडं बघितलं नाही. पडद्याकडं बघत होती. आजूबाजूच्या चार बाया मात्र बघत होत्या, असं मला वाटलं. अंधारात कसं कळणार?

मधलं सगळं मी बघितलं. काच तीनदा नाही, अकरा वेळा पुसली जाते आणि दर वेळी वेगळी पुसली जाते, हे पण मला दिसलं. का वेगळी ते विचारू नका. रोज काय होतं ते सांगायला गेलं तर काहीच होत नाही. शेवटी म्हातारा आजारी पडतो, खाटेवर पडून असतो. कंदील उशाला. म्हातारी त्याच्यावर वाकते, तिचे ओठ हलतात आणि पडदा काळा होतो. आवाज नाही. संगीत नाही. काहीच नाही.

दिवे लागले. मी बायकोला म्हणालो, "आवाज गेला वाटतं मशीनचा."

"कुटं गेला?"

"ती काय बोलली ते ऐकू न्हाई आलं."

"आवं, एवढं मोठ्यांदा बोलली की!" तिनं डोळे पुसले. शेजारची बाई म्हणाली, "तर काय! लख्ख ऐकू आलं." तिच्या पलीकडच्या दोघींनीही माना हलवल्या.

मी एकेकीच्या तोंडाकडं बघितलं. थट्टा करत नव्हत्या. त्या शेंगा सोलायला लागल्या. मी उठून बाहेर आलो.

मालक दारात बॅटरी घेऊन उभे होते. माझी वाट बघत होते, लपवत नव्हते.

"सांग. लावू लढाईचं?"

लढाईच्या पिक्चरात माझं पोरगं होतं. ह्या पिक्चरात, आता काय सांगू, मीच होतो. यातलं थोर कुठलं? बर्फातला माणूस मोठा का चुलीपुढची बाई? एरवी व्हरांड्यातल्या वादात मी पाच मिनिटांत निकाल देणारा माणूस. मी नुसता उभा राहिलो.

मालक जवळ आले. आवाज खाली आणून विचारलं, "शेवटाला ती बोलती का रं?"

मी दचकलो. पिक्चरमध्ये काय होतं हे या माणसानं उभ्या जन्मात कुणाला विचारलं नव्हतं.

"आमच्या हिनं ऐकलं," मी म्हणालो. "मला न्हाई ऐकू आलं."

"म्हंजे बोलती का न्हाई?"

"मालक, खरंच सांगतो. मला न्हाई कळलं. आज पैल्यांदा सगळं बघितलं आन न्हाई कळलं."

ते दारातनं आत बघत राहिले. बायका हळूहळू बाहेर पडत होत्या. तीनच्या खेळाची माणसं व्हरांड्यात जमली होती. घंटा झाली. लोक आत गेले. मालकांनी बॅटरी माझ्या हातात दिली, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "दार धर जरा."

आणि ते आत गेले. दिवे गेल्यावर, पिक्चर सुरू होताना, आत गेले.

मी दार धरून उभा राहिलो. पानवाल्यानं लांबून विचारलं, "काका, आण?" मी म्हणालो, "पान लाव गप." माझी बायको व्हरांड्यात उभी होती, तिनं ऐकलं. कृष्णामाईनं पण ऐकलं असेल. आण मोडली हे मी इथं माझ्या हातानं लिहून ठेवतो. उशिरा येणाऱ्यांना मी खुर्च्या दाखवल्या. मालक कुठं बसले ते अंधारात शोधलं नाही.

पावणेसहाला खेळ सुटला. गर्दी बाहेर पडली. बायका सगळ्यात शेवटी, आणि या वेळेला मी खेकसलो नाही. त्यांच्याही मागनं मालक आले. उजेडात डोळे बारीक केले.

मी विचारलं, "मालक, ऐकू आलं?"

ते पायरीपाशी आले. मग म्हणाले, "शेजारी एक बाई हुती. पडदा काळा झाल्यावर मी तिला इचारलं, ताई, बोलली का ती? तर ती म्हणली, श्श."

"संपल्यावर?"

"संपल्यावर. दिवं लागल्यालं."

"मग?"

"मग गप बसलो."

ते पायरी उतरून गेले. लढाईचं लावायचं का म्हणून मी मागनं विचारलं, त्यांनी मागं न बघता हात नुसता हलवला. तो हो होता का नाही, मला समजलं नाही. दुसऱ्या दिवशी मी कुणाला न विचारता म्हातारीच्याच पोस्टरला नवीन खळ लावली आणि तीन वाजता दार उघडलं.